बरोबरीची लढाई: फासा, नियम आणि पंच

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी मी आजचा विषय जाहीर केला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" (हशा) त्यांचं चुकलं नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर राक्षस आणि जादूगारांच्या खेळावर बोलायला उभा राहतो, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार असंच वाटेल. म्हणून आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो.

माझी नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी तिचे चार मित्र घरी येतात आणि डायनिंग टेबलावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ मांडतात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. माझी नात मात्र पात्र घेत नाही. ती खेळ चालवते. गाव, जंगल, वाटेत भेटणारी माणसं, दबा धरून बसलेले शत्रू, सगळं तिच्याकडे. इंग्रजीत त्या माणसाला डन्जन मास्टर म्हणतात, मी सूत्रधार म्हणतो. तिच्यासमोर एक पुठ्ठ्याचा आडपडदा असतो आणि त्यामागे ती फासे टाकते.

त्या दिवशी एक नवा मुलगा आला होता. अबोल, जरा बुजरा. त्याने जादूगार घेतला होता. जंगलातल्या रस्त्यावर चार गॉब्लिननी, म्हणजे खुज्या लुटारू राक्षसांनी, हल्ला केला. मुलगा गाडीमागे लपला. पहिला बाण त्याला लागला. दुसऱ्या बाणाचा फासा नातीने पडद्यामागे टाकला, क्षणभर पाहिला आणि म्हणाली, "चुकला." मुलगा इतका खूश झाला! "बघा, गाडीमागे गेलो म्हणून वाचलो," असं तो सगळ्यांना सांगत होता.

रात्री नात माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आजोबा, तो बाण चुकला नव्हता. फाशावर पंधरा पडले होते. गाडीची आड धरूनसुद्धा बाण लागत होता. तो पहिल्याच दिवशी पडला असता, म्हणून मी खोटं बोलले. चुकलं का माझं?"

मी चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण लगेच उत्तर देता आलं नाही. तिला म्हटलं, थोडा वेळ दे. आणि मग या प्रश्नाच्या मागे मागे जात राहिलो. आजचं व्याख्यान म्हणजे तो प्रवास आहे.

आता मूळ प्रश्न नीट मांडू. बुद्धिबळात बरोबरी करणं सोपं असतं. दोन्हीकडे सोळा सोळा मोहरी, झालं. पण या खेळात एका बाजूला चार खेळाडू आहेत आणि दुसऱ्या बाजूला सूत्रधार, ज्याच्याकडे सैन्याला मर्यादाच नाही. त्याने मनात आणलं तर पहिल्याच वळणावर चाळीस ड्रॅगन उभे करील. शिवाय त्याला जिंकायचंही नसतं. खेळाडूंना धाप लागावी, भीती वाटावी, पण शक्यतो ते तरून जावेत, अशी त्याची इच्छा असते. मग किती शत्रू उभे करायचे? कोण ठरवणार? पुस्तकातला तक्ता, की सूत्रधाराचा विवेक? या एका प्रश्नाला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो प्रशियाच्या लष्करात.

नेपोलियनच्या काळात ब्रेस्लाउ इथे फॉन राइसवित्झ नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी युद्धाचा एक खेळ तयार केला आणि १८१२ मध्ये तो राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यापुढे सादर केला. त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्यात मोठ्या सुधारणा करून १८२४ मध्ये नियमांचं पुस्तक छापलं. हाच तो प्रसिद्ध 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ. खऱ्या भूप्रदेशाचे नकाशे, पलटणींच्या जागी छोटे ठोकळे, प्रत्येक चाल म्हणजे प्रत्यक्ष युद्धातली दोन मिनिटं. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. पंच नकाशावर चाल करी, फासे टाकी, तक्त्यात नुकसान पाही आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवरून जेवढं दिसलं असतं तेवढंच सांगे.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, फासा. राइसवित्झला कळलं होतं की युद्धात नशिबाचा भाग असतो, आणि तो खेळात आणायचा तर आकड्यांत बांधावा लागतो. दुसरी, पंच. सगळं चित्र फक्त त्याला माहीत. माझ्या नातीच्या पडद्याचा हा पूर्वज आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे काय झालं? नियम वाढत गेले. तक्ते वाढले, अपवाद वाढले, अपवादांचे अपवाद आले. पंच बिचारा नकाशाकडे बघण्याऐवजी पानं उलटत बसला. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु वेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने वेगळाच मार्ग सुचवला. हे तक्ते आणि फासे बाजूला ठेवा. पंच अनुभवी सेनाधिकारी असतो ना? मग त्याच्याच निर्णयावर विसंबा. याला मुक्त क्रीगस्पील असं नाव पडलं, आणि जुना खेळ झाला कडक क्रीगस्पील.

मंडळी, हा वाद वाचला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. कारण तो ॲरिस्टॉटलचा वाद आहे! 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात ॲरिस्टॉटल असं मांडतो की कायदा सर्वसाधारण भाषेत बोलतो, आणि प्रसंग मात्र एकेकटा, वेगळा येतो. म्हणून न्यायाला समन्यायबुद्धीची जोड लागते. त्यासाठी तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या मोजपट्टीचं उदाहरण देतो. ती शिशाची असे, त्यामुळे दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. वाकणारी पट्टी ही फार सुंदर कल्पना आहे. पण तिच्यात धोकाही आहे. पट्टी दगडाप्रमाणे वाकली तर ठीक. धरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वाकायला लागली, तर ती पट्टी राहते का?

आता अटलांटिक ओलांडू. अमेरिकन सैन्यातला चार्ल्स टॉटन नावाचा अधिकारी. त्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यातही पंच होता, आणि खेळाडूने काहीही करून पाहावं, ते शक्य आहे की नाही हे पंचाने ठरवावं, असं तत्त्व होतं. हे पुस्तक पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्ह वेसली या तरुणाच्या हाती लागलं. त्याने १९६९ मध्ये मित्रांसाठी एक खेळ रचला, 'ब्राउनस्टाइन'. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव. त्यात प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. कोणी गावचा प्रमुख, कोणी विद्यार्थी नेता. खेळ पंचाच्या हाताबाहेर गेला आणि वेसलीला वाटलं, फसला. खेळणाऱ्यांना मात्र तो प्रचंड आवडला. त्यांतल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' नावाची कल्पनारम्य दुनिया उभी केली, जिच्यात किल्ल्याखालची भुयारं होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्स राहत होता. त्याने जेफ पेरेनबरोबर 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक १९७१ मध्ये काढलं होतं. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ च्या सुरुवातीला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आलं. तीन लहान पुस्तिका, एक खोका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

या पहिल्या खेळात लढाईची बरोबरी कशी साधली होती? उत्तर साधं आणि माझ्या मते हुशारीचं आहे: खोलीने. भुयाराचा पहिला मजला कमी धोक्याचा, दुसरा जास्त, सहावा भयंकर. राक्षसांच्या सहा याद्या, आणि मजल्यानुसार कोणत्या यादीतला राक्षस येईल हे फाशावर. म्हणजे धोका किती पत्करायचा हे सूत्रधारापेक्षा खेळाडूच ठरवत. जिना उतरलात, की तुम्ही सही केलीत. आणि वरच्या मजल्यावर घुटमळणाऱ्याला शिक्षाही होती. आठव्या पातळीचा जादूगार पाचव्या मजल्यावर फिरत असेल, तर त्याला अनुभवाचे पाच-अष्टमांशच गुण मिळत. शिवाय समोर आलेला राक्षस लढेलच असंही नव्हतं. तो काय पवित्रा घेतो हे फाशावर ठरे, आणि पळून जाण्याचे नियम पुस्तकात दिलेले होते. बरोबरीची हमी कुणी देत नव्हतं. दार उघडं ठेवलेलं होतं, एवढंच.

त्या काळातल्या निष्ठुरतेचा नमुना म्हणजे गायगॅक्सचंच 'टूम ऑफ हॉरर्स'. १९७५ च्या 'ओरिजिन्स' संमेलनातल्या स्पर्धेसाठी रचलेली कबर. तिथे लढाया थोड्या आणि सापळे फार. आपलं पात्र बलाढ्य आहे म्हणून निर्धास्त झालेल्या खेळाडूंना ती कबर अक्षरशः गिळून टाकी.

आणि मग पहिला गणिती आला. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये 'व्हाइट ड्वार्फ' मासिक सुरू झालं, आणि त्याच्या अगदी पहिल्या अंकात डॉन टर्नबुलने 'मॉन्स्टरमार्क' नावाची पद्धत मांडायला घेतली. त्याने विचारलं, राक्षस किती भयंकर हे मोजायचं कसं? समजा, एक प्रमाणित साधा योद्धा आहे. तो या राक्षसाला मारायला सरासरी किती फेऱ्या घेईल? तेवढ्या फेऱ्यांत राक्षस सरासरी किती इजा करील? ती इजा म्हणजे राक्षसाचं मूळ माप. किती स्वच्छ कल्पना! पण नजरेने दगड बनवणारी मेड्युसा कुठे बसवायची? विषाचा हिशेब कसा करायचा? त्यासाठी वेगळे गुणक लावावे लागले, आणि ते किती असावेत हे टर्नबुलच्या अंदाजावर. बघा, तक्त्याच्या पोटात पुन्हा पंच येऊन बसलाच.

१९७९ मध्ये सूत्रधारासाठीचं जाडजूड पुस्तक आलं, गायगॅक्सचं. त्यात त्याने माझ्या नातीच्या प्रश्नालाच हात घातला आहे. त्याचा आशय असा: फासा झुगारून देण्याचा अधिकार सूत्रधाराला आहे. खेळाडू विचारपूर्वक खेळला असेल आणि निव्वळ विचित्र दानामुळे मरत असेल, तर त्याला मारण्याऐवजी बेशुद्ध करा, एखादा अवयव जाऊ द्या. पण स्वतःच्या मूर्खपणामुळे मरत असेल, तर मरू द्या. तत्त्वज्ञानात ज्याला नैतिक नशीब म्हणतात, त्या प्रश्नाचं हे एका खेळ रचणाऱ्याने दिलेलं उत्तर आहे. नशिबाची किंमत माफ, निर्णयाची नाही. आणि एक गोष्ट विसरू नका, त्याने बाण चुकला असं सांगायला सांगितलेलं नाही. बाण लागतो. परिणाम सौम्य होतो. हा फरक आपल्याला शेवटी लागणार आहे.

ऐंशीच्या दशकात खेळाचा स्वभाव बदलत गेला. १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स'ची साहसं आली, मागोमाग कादंबऱ्या आल्या. भुयारातून सोनं आणण्याऐवजी आता मोठी कथा चालली होती, तिला नायक होते. नायक तिसऱ्याच प्रकरणात गटारातल्या उंदराच्या चावण्याने मेला तर कथेचं काय? पात्राचं आयुष्य लांबलं तसं मरण महाग झालं. आणि मरण महाग झालं की बरोबरीचा हिशेब हवा, ही मागणी आलीच.

इथे जरा खडू हातात घेतो. बरोबरीची लढाई म्हणजे दोन्ही बाजूंना पन्नास टक्के, असं आपल्याला सहज वाटतं. पण समजा पात्राला अशा दहा लढाया करायच्या आहेत. दहाही जिंकण्याची शक्यता किती? १०२४ मध्ये एक! बरं, प्रत्येक लढाईत तरून जाण्याची शक्यता ९५ टक्के धरली. वीस लढायांनंतर जिवंत असण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. ९९ टक्के धरली, तर वीस लढायांनंतर ८२ टक्के, आणि शंभर लढायांनंतर पुन्हा ३७ च्या आसपास. म्हणजे ज्या कथेत नायकांनी वर्षभर दर रविवारी लढायचं आहे, तिथे प्रत्येक लढाई बरीचशी एकतर्फीच असावी लागते. आणि तरीही ती खेळणाऱ्याला अटीतटीची वाटली पाहिजे. या खेळाचं मर्म आणि दुखणं, दोन्ही इथे आहे. जेवढा धोका जाणवतो, तेवढा तो असून चालत नाही.

२००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. माँटी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स हे तिचे मुख्य रचनाकार. तिने प्रत्येक राक्षसाला एक आकडा दिला, चॅलेंज रेटिंग, आपण आव्हानांक म्हणू. आव्हानांक पाच म्हणजे पाचव्या पातळीच्या चौघांच्या गटाला त्याच्याशी लढताना आपल्या साधनसामग्रीचा साधारण पाचवा हिस्सा, २० टक्के, खर्च करावा लागेल. किती व्यवहारी व्याख्या! इथे मृत्यूची शक्यता मोजलेलीच नाही. मोजला आहे तो दमसास. अशा चार लढाया झाल्या, की गट थकतो आणि मुक्काम करावा लागतो. शत्रूंची संख्या दुप्पट झाली तर आव्हान दोन पायऱ्या वर. आणि सगळ्याच लढाया समान नकोत हेही त्या पुस्तकाने सांगितलं. साधारण निम्म्या बरोबरीच्या, काही सोप्या, १५ टक्के फार कठीण, आणि ५ टक्के अशा, की ज्यांतून पळायचंच. हे ५ टक्के मला फार महत्त्वाचे वाटतात. वर्षभरात एकही लढाई पळण्याजोगी नसेल, तर खेळाडू पळायचंच विसरतो.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हिशेब आणखी घट्ट केला. पाच खेळाडूंपुढे त्यांच्याच पातळीचे पाच साधे राक्षस, ही प्रमाणित लढाई. एक वरचढ राक्षस म्हणजे दोन साधे, एक एकांडा राक्षस म्हणजे पाच साधे, आणि एका घावात पडणारे चिल्लर प्यादे वेगळे. सूत्रधाराला जणू घरखर्चाचं बजेट दिलं. हिशेब छान जमायचा. पण काही जुने खेळाडू कुरकुरले, की आता लढाई मैदानावरच्या सामन्यासारखी झाली, रानातल्या चकमकीसारखी राहिली नाही.

आणि आता आमचे चार गॉब्लिन. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर नवशिक्यांसाठी एक खोका आला, आणि त्या खोक्यातल्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या साहसात पहिल्याच प्रसंगी चार गॉब्लिन वाट अडवतात. नातीने तेच साहस मांडलं होतं. त्याचा हिशेब करू. एका गॉब्लिनचे ५० गुण. चौघांचे २००. पण शत्रू तीन ते सहा असतील तर दुपटीने धरा, असा नियम. झाले ४००. पहिल्या पातळीच्या एका खेळाडूसाठी प्राणघातक लढाईची रेघ १०० वर. चार खेळाडूंची ४००. म्हणजे ही लढाई बरोबर प्राणघातक रेघेवर बसते! खेळाडू पाच असते, तर तीच रेघ ५०० वर गेली असती आणि लढाई नुसती कठीण ठरली असती. त्या खोक्यात तयार पात्रं पाच दिलेली आहेत. आमच्या टेबलावर खेळाडू चारच होते.

जादूगाराच्या अंगात बळ किती? ८ गुण. चिलखताचा आकडा १२. गॉब्लिन वीस बाजूंच्या फाशात चार मिळवतो, म्हणजे जादूगार उघड्यावर असेल तर १०० पैकी ६५ बाण लागतात, आणि एक बाण सरासरी साडेपाच गुण घेऊन जातो. दोन गॉब्लिननी एकाच फेरीत त्याच्यावर नेम धरला, तर तो पडण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीत, एकोणपन्नास टक्के!

हा दुपटीचा नियम कशासाठी? फ्रेडरिक लँचेस्टर हा ब्रिटिश इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, विमानांच्या युद्धावरच्या पुस्तकात त्याने एक गणित दिलं. दुरून मारा करणाऱ्या सैन्याचं बळ संख्येच्या प्रमाणात न वाढता संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कारण दहा जण पाच जणांवर मारा करतात तेव्हा मारा दुप्पट होतो, आणि तो झेलायलाही दुप्पट माणसं असतात. म्हणजे बळ चौपट. आता २०१४ चा तक्ता पाहा. एक गॉब्लिन ५०, चार गॉब्लिन ४००. आठपट. सरळ प्रमाण धरलं तर चौपट व्हायला हवं होतं, लँचेस्टरचा वर्ग धरला तर सोळापट. तक्ता मधोमध उभा आहे. खेळणारे यालाच कृतींचा हिशेब म्हणतात. एका फेरीत कोणाच्या वाट्याला किती कृती येतात, यावर लढाई फिरते. म्हणूनच एकटा ड्रॅगन चौघांपुढे लवकर ढेपाळतो, आणि म्हणूनच पाचव्या आवृत्तीने मोठ्या राक्षसांना इतरांच्या पाळीनंतरही काही कृती करायची मुभा दिली.

आता गंमत ऐका. २०२४ मध्ये सूत्रधाराचं पुस्तक नव्याने आलं. त्यातून तो गुणक काढून टाकला. आता कमी, मध्यम आणि जास्त अशा तीनच पायऱ्या. पहिल्या पातळीच्या एका खेळाडूसाठी कमी धोक्याचं बजेट ५०. चौघांचं २००. आमचे चार गॉब्लिन किती गुणांचे? २००! म्हणजे तेच चार गॉब्लिन, तेच चार नवशिके. दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्याने लढाई प्राणघातक, नव्या तक्त्याने कमी धोक्याची. शत्रूंची संख्या वाढली की नशिबाचे फटके वाढतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या पातळीवर जपा, अशी सूचना नव्या पुस्तकातही आहे. पण ती सूचना आहे, आकडा नाही. ती पाळायची कोणी? पंचाने.

म्हणजे गाडी फिरून फेर्डी द्यु वेर्न्वाच्या दारात आली. तक्ता वाढवा, पंच तक्त्यात अडकतो. तक्ता कमी करा, सगळं पंचाच्या विवेकावर येतं. २००८ मध्येच मॅट फिंच नावाच्या रचनाकाराने जुन्या धाटणीच्या खेळावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि बरोबरीचा ध्यासच सोडून द्या, असं त्यात सुचवलं. जगात बलाढ्य राक्षस असतील, खेळाडूंनी शहाणं व्हावं, टाळावं, पळावं. या मताला आज बरेच अनुयायी आहेत. मला त्यात तथ्य दिसतं. पण एक अट आहे. हे जग असं आहे, हे खेळाडूला आधी कळलं पाहिजे. पहिल्यांदा आलेल्या बुजऱ्या मुलाला ते कसं कळणार?

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका परीक्षेचा पेपर काढला. तर्कशास्त्राचा. मला वाटलं, उत्तम पेपर काढला. निकाल आला तेव्हा निम्मी मुलं नापास. चूक पूर्णपणे माझी होती. मी 'प्रमाणित विद्यार्थी' म्हणून मनात जो धरला होता, तो वर्गात बसलेलाच नव्हता. टर्नबुलच्या प्रमाणित योद्ध्यासारखाच. मग बैठक झाली. एक सूचना अशी आली की गुण गुपचूप वाढवून टाकू, कोणाला कळणार आहे? दुसरी अशी, की दोन प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेर झुकले होते हे मान्य करून त्यांचे गुण सगळ्यांना द्यावेत आणि तसं जाहीर करावं. दुसरी सूचना मान्य झाली. मला सगळ्यांपुढे चूक कबूल करावी लागली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या मुलांच्या गुणपत्रिकेवरचा आकडा खरा राहिला. ग्रेस मार्क आणि गुपचूप वाढवलेले मार्क यांत हाच फरक आहे. दोन्हींत दया आहे. एक दया सांगता येते, दुसरी लपवावी लागते.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या दिली. तिचं सार असं की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने पार करण्याचा प्रयत्न. स्वखुशीने, हा शब्द धरून ठेवा. अडथळा काय आहे हे मला ठाऊक आहे आणि तो मी स्वीकारला आहे. सूत्रधाराने पडद्यामागे अडथळाच काढून घेतला आणि मला सांगितलं नाही, तर मी जे पार केलं ते काय? मी धावलो खरा, पण शर्यतच नव्हती.

तेव्हा नातीला मी काय सांगितलं? तिला म्हटलं, बाळ, तुझी दया चुकली नाही. जागा चुकली. तीन जागी तुला दया करता आली असती. पहिली, लढाईच्या आधी. खेळाडू चार आहेत हे पाहून एक गॉब्लिन कमी केला असतास, तर कोणाशीच खोटं बोलावं लागलं नसतं. तक्ता त्यासाठीच असतो. तो भविष्य सांगत नाही, पण कुठे दगड आहे ते दाखवतो. दुसरी, लढाईच्या नंतर. बाण लागू द्यायचा होता. मुलगा पडला असता. पण तुझ्याच नियमात पडणं म्हणजे मरणं नव्हे. बाकीच्यांनी धावत जाऊन त्याला उचललं असतं. किंवा गॉब्लिननी त्याला बांधून गुहेत नेलं असतं आणि पुढचा रविवार त्याच्या सुटकेचा झाला असता. गायगॅक्सने हेच सुचवलं होतं. तिसरी जागा, सर्वांसमोर. "तू आज नवा आहेस, पहिल्या दिवशी कुणी मरत नाही हा आपल्या टेबलाचा नियम," असं खेळ सुरू होण्याआधी म्हणायचं. तो ग्रेस मार्क झाला असता.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण आजोबा, त्याचं काय बिघडलं? तो तर खूश होऊन गेला."

मी म्हटलं, त्याला वाटतंय की गाडीने वाचवलं. पुढच्या वेळी तो पुन्हा गाडीमागे लपेल आणि तिथे मरेल. तू त्याचं मरण टाळलंस, ते ठीक. पण त्याबरोबर त्याला एक खोटी गोष्ट शिकवलीस, आणि ती त्याने कष्टाने मिळवली असं त्याला वाटतंय. हा फार वाईट प्रकारचा खोटेपणा, कारण तो माणसाच्या अनुभवातच मिसळतो. बाहेर काढता येत नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसलो. नातीने खेळ सुरू करण्याआधी त्या मुलाला सरळ सांगितलं, की मागच्या वेळी तो बाण लागला होता. मुलगा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता हा उठून जातो. मग त्याने विचारलं, "किती पडले होते?" ती म्हणाली, "पंधरा." तो म्हणाला, "मग गाडीऐवजी झाडीत जायला हवं होतं. बाण दिसलेच नसते मी." आणि आपला कागद पुढे ओढून कामाला लागला.

नातीने त्या दिवसापासून पडदा काढून टाकला आहे. सगळे फासे टेबलाच्या मध्यावर पडतात. सगळ्या सूत्रधारांनी असंच करावं, असं मी म्हणणार नाही. राइसवित्झच्या पंचालाही काही गोष्टी झाकून ठेवाव्याच लागत. शत्रू कुठे आहे ते झाका, जरूर झाका. काय घडलं ते मात्र झाकू नका.

त्या मुलाचा जादूगार अजून जिवंत आहे. आता तिसऱ्या पातळीवर आहे म्हणे. मधे दोनदा पडला, दोन्ही वेळा मित्रांनी उचलला. हे तो मला स्वतः सांगतो, फासे किती पडले होते त्या आकड्यांसकट.

प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्या स्नेह्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली होती, त्यांनी पहिला प्रश्न विचारावा. (हशा)